नागपूरच्या बर्डीवर बेस गिटार पाहायला निघालात? आधी या चुका टाळा

"भाऊ, ही वाली घेऊ का ती वाली?" महिन्यातून एखादा तरी पोरगा मला फोनवर दोन फोटो पाठवून हे विचारतो. एक यामाहाचा असतो, दुसरा इबानेझचा नाहीतर स्क्वायरचा. वाजवून पाहिल्या का, असं मी विचारलं की उत्तर येतं, "हो ना, दोन्ही वाजवल्या. पण ते दुसरी बरोबर वाजूनच नव्हती राहिली."

ती 'बरोबर न वाजणारी' गिटार बहुतेक वेळा सहा-आठ महिने दुकानाच्या भिंतीवर टांगलेली असते. तारांवर गंज, ब्रिज (तारांचा खालचा टेकू) उंच, नेक (डावा हात फिरतो ती दांडी) वाकलेली. पहिली गेल्या आठवड्यात खोक्यातून निघाली, म्हणून चकाचक वाजते. म्हणजे पोरानं तुलना केली ती जुन्या तारांची नव्या तारांशी, आणि वीस हजारांचा निर्णय त्यावर घेतला.

मीही यातूनच गेलोय. पहिली बेस मी ऑगस्टमध्ये घेतली, बर्डीवरच्याच एका दुकानातून. तारा खाली बसलेल्या, बोटं लोण्यावरून फिरल्यासारखी फिरत होती. शेजारची दुसरी कडक लागली म्हणून सोडली. पुढच्या मे महिन्यात माझीच्या फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं करवतीच्या दातांसारखी बाहेर आली, तळहात खरचटायला लागला. जी सोडली होती तिला फक्त ब्रिजचे स्क्रू फिरवायला हवे होते. दहा मिनिटांचं काम.

जे बदलता येतं त्यावरून गिटार नाकारू नका

तारांची उंची, नेकचा बाक, तारांचा जुनेपणा, खरखरणारं नॉब, संपलेली बॅटरी हे सगळं थोड्या पैशांत ठीक होतं. स्केलची लांबी, नेकची रुंदी आणि गोलाई, वजनाचा तोल, फ्रेट बसवण्यातली सफाई हे होत नाही, किंवा इतक्या खर्चात होतं की त्यात दुसरी गिटार येईल. दुकानात बहुतेकांचं लक्ष पहिल्या यादीवर असतं. खरं पाहायचं असतं दुसऱ्या यादीकडे.

स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी. १९५१ मध्ये लिओ फेंडरनं प्रिसिजन बेस काढली ती ३४ इंचांची, आणि तेच माप आजही चालतं. ३० इंचांच्या शॉर्ट स्केल बेसही आहेत. व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर तीच, १९६६ ची फेंडर मस्टँगही तीच. चार इंचांनी काय होतं? ३४ इंची बेसवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर साधारण १७.८ सेंटीमीटर भरतं, ३० इंचीवर १५.७. लहान हाताच्या मुलासाठी या दोन सेंटीमीटरवर रियाज टिकतो किंवा सुटतो. बारा वर्षांच्या मुलीला ३४ इंची देऊन 'हळूहळू हात मोठा होईल' म्हणणारे बाबा मी पाहिलेत. हात मोठा झाला, गिटार तोवर माळ्यावर गेली. अशा वेळी २८.६ इंचांची इबानेझ मिक्रो खेळणं म्हणून हिणवायची गोष्ट नाही. मात्र छोट्या स्केलवर ताण कमी असतो, खालची तार थोडी सैल आणि गोल वाजते. ते कानाला चालतं का, हे वाजवूनच कळेल.

नेकच्या रुंदीचंही असंच. फेंडरचीच जॅझ बेस नटपाशी साधारण ३८ मिलिमीटर, प्रिसिजन ४१ ते ४४. कागदावर किरकोळ वाटतं, पण डाव्या हाताला पहिल्याच मिनिटात कळतं. इबानेझच्या एसआर मालिकेची नेक जाडीला पातळ असते, म्हणून गिटारवरून बेसवर येणारे तिच्याकडे ओढले जातात. माझी आवड जाड नेकची आहे, अंगठ्याला टेकायला काहीतरी लागतं.

आणि बसून वाजवून पाहू नका. म्हणजे बसूनही पाहा, पण मग पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडा. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांकडचं टोक, खाली जायला लागला तर समजा की रात्रभर डावा हात वाजवण्याऐवजी गिटार उचलून धरण्यात जाणार. वजन चार किलोच्या वर असेल तर दहा मिनिटं तसेच उभे राहा. दुकानदार बघत राहील, बघू द्या. तीन तासांच्या ऑर्केस्ट्रात खांदा तुमचा जातो, त्याचा नाही.

फोनवर टोन ऐकून ठरवू नका

चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झवर वाजते. फोनच्या स्पीकरला ते जमत नाही. वरच्या पटींतले स्वर ऐकून मेंदू तो खर्ज भरून काढतो, म्हणून आपल्याला ऐकल्याचा भास होतो. म्हणजे व्हिडिओत दोन बेसची तुलना फोनवर ऐकताना तुम्ही फक्त बोटांचा खटखट आवाज जोखत असता. निदान हेडफोन लावा.

दुकानातली चूक याची जुळी बहीण. तिथे बेस लावून देतात ती दहा वॉटच्या गिटार अँपला. त्यातून प्रत्येक बेस डब्यासारखीच वाजते, आणि आवाज वाढवला की स्पीकरचा पडदा फडफडतो, फाटूही शकतो. बेसचा अँप मागा. नसेल तर गिटार कानाला लावून, म्हणजे लाकडाला कान टेकून वाजवा. प्लग न लावता जी बेस लांब गुंजते, ती प्लग लावल्यावर सहसा निराश करत नाही.

टोनवर भांडणं चालतात ती लाकडाची, मॅहॉगनी का बासवूड. वीस हजारांच्या गिटारीत मी तरी त्यावर वेळ घालवत नाही. पिकअप (तारांची थरथर पकडून अँपकडे पाठवणारा भाग) कुठे बसवलाय आणि कोणता आहे, याचा फरक आधी कळतो. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासून आहे. मधला सूर पुढे ठेवतो, ढोलकी आणि ऑक्टापॅडच्या गर्दीतही ऐकू येतो. जॅझ बेस १९६० ची, दोन पिकअप, ब्रिजकडचा जास्त टणक. घरी एकट्यानं वाजवताना जॅझ गोड लागते. डग्गा आणि ढोलकी दोन्ही असले की मी प्रिसिजनचा पिकअप निवडतो, कारण खालच्या स्वरांत आधीच कोंडी झालेली असते. दोन्ही हवेत म्हणणाऱ्यांसाठी पी-जे जोडीच्या (एक पिकअप प्रिसिजनचा, एक जॅझचा) बेस आहेत, यामाहा टीआरबीएक्स १७४ त्यातली एक. पहिली बेस म्हणून मी बहुतेकांना तिच्याकडेच ढकलतो.

एक मजा सांगतो. जॅझ बेस दुकानात 'गुणगुणते' म्हणून परत देणारे बरेच आहेत. तिचा प्रत्येक पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच गुंडाळीचा असतो. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, सगळं त्यातून ऐकू येतं. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडा, गुणगुण बरीचशी जाते, कारण दोन कॉइल एकमेकांची खोड मोडतात. एक कमी केलं की परत येते. हा बिघाड नाही, तिचा स्वभाव आहे.

काळी एकचा विचार न करता तारा मोजू नका

"पाच तारांची घेतो, पैसे वसूल होतील." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. पण इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडचा हिशोब वेगळा आहे.

विलायती गाण्यांची पुस्तकं मोकळ्या तारांवर रचलेली असतात. आपला गायक मात्र "काळी एक" म्हणून मोकळा होतो. काळी एक म्हणजे सी शार्प. या मेजर सप्तकात तुमच्या चार मोकळ्या तारांपैकी एकही स्वर येत नाही, ई नाही, ए नाही, डी नाही, जी नाही. पूर्ण गाणं दाबूनच वाजवायचं, तेही पहिल्या चार-पाच फ्रेटमध्ये, जिथे दोन फ्रेटमधलं अंतर सगळ्यात जास्त असतं. म्हणून गायकांसोबत वाजवणार असाल तर बाराव्या फ्रेटवर हात किती धावतो याला भुलू नका. पहिल्या फ्रेटवर एफ दाबून धरा. मनगट दुखायला लागलं तर नटच्या खाचा उंच आहेत. ट्यूनर लावा. मोकळी तार सुरात आणि पहिला फ्रेट चढा येत असेल तर तेच दुखणं. खाचा घासून देणारा कारागीर चांगला हवा, कारण जास्त घासली की नटच बदलावा लागतो.

चार तारांवर काळी एकचा षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो, त्याखालचा खर्ज मिळत नाही. पाचव्या बी तारेवर तो दुसऱ्या फ्रेटला आहे. काळी दोनचा चौथ्या फ्रेटला. म्हणजे ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला पाचवी तार हौस म्हणून नाही, कामाला लागते. नुकतं शिकणाऱ्याला नाही. त्याला आधी चार तारांचं न वाजणं शिकायचं असतं, म्हणजे न वाजणाऱ्या तारा हातानं दाबून गप्प ठेवणं.

पाच तारांची घेतच असाल तर बी तार पाचव्या फ्रेटला दाबून वाजवा आणि लगेच मोकळी ई वाजवा. दोन्ही एकच स्वर. पहिला लोळागोळा आणि दुसरा स्वच्छ येत असेल तर ती पाचवी तार शोभेचीच आहे. स्वस्त पाच तारांच्या बेसमध्ये हे फार दिसतं.

तार खरखरते म्हणून घाबरू नका, कुठे खरखरते ते पाहा

पहिल्या पाच फ्रेटमध्ये खरखर असेल तर नेक फार सरळ झालीय. बाराव्याच्या पुढे असेल तर तारा फार खाली आहेत किंवा नेकला बाक जास्त झालाय. फक्त मोकळी तार खरखरली तर नटची खाच खोल गेलीय. एकाच फ्रेटवर खरखर असेल तर त्याच्या पुढचा एखादा फ्रेट उंच बसलाय, आणि नव्या गिटारीत हे दिसलं तर सरळ दुसरा नग मागा.

बाक मोजायला यंत्र लागत नाही. तार पहिल्या फ्रेटला आणि शेवटच्या फ्रेटला एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) घड्याळाच्या दिशेनं आवळायचा, फट नसेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, मग पुन्हा सुरात लावून तपासायचं. चावी त्याच मापाची हवी. घरातली जवळपासची चावी ठोकून बसवली की रॉडचं तोंड झिजतं, आणि मग कारागीरही हात वर करतो. तारांची उंची सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या जरा आत, बारीक तारेखाली दोन, इथून सुरुवात करा. जोरात वाजवणाऱ्यांनी थोडी वर ठेवावी.

एक दोष मात्र सेटअपनं जात नाही. फेंडर धाटणीच्या नेकवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये कुठेतरी स्वर लगेच मरतो. सगळ्या बेसवर असं नसतं, एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक पडतो. म्हणून फोटोतल्या मॉडेलची नाही, हातातल्या नगाची परीक्षा घ्या. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट दाबून चार मोजेपर्यंत थांबा. कंटाळवाणं आहे. तरी करा.

अॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली बेस असेल, जसं यामाहा टीआरबीएक्स ३०४ किंवा इबानेझ एसआर ३००, तर आवाज फाटायला किंवा बारीक व्हायला लागल्यावर आधी नऊ व्होल्टची बॅटरी बदला. जॅकमध्ये वायर असेपर्यंत ती खर्च होत राहते. रात्री वायर काढून ठेवा. ही एवढी गोष्ट न कळल्यानं एका मित्रानं दोन वेळा पिकअप तपासून घेतले होते.

गिटार हातात असताना गायकाच्या माइकला ओठ लागून झटका बसला तर गिटारला दोष देऊ नका, अर्थिंग तपासा. मंडपात जनरेटरवर हे हमखास होतं. आणि अँपच्या प्लगची तिसरी पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात घालू नका, कितीही घाई असली तरी.

नागपूरचा उन्हाळा विसरू नका

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा फ्रेटबोर्डचं लाकूड सुकून आक्रसतं, धातूचे फ्रेट तेवढेच राहतात. टोकं बाहेर येतात ती यामुळे. पावसाळ्यात ती पुन्हा आत गेल्यासारखी वाटतात. म्हणून उन्हाळ्यात गिटार पाहणं फायद्याचं. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा, जे टोचायचं ते तेव्हाच टोचेल. आणि नेक जूनअखेरीस एकदा, मे महिन्यात एकदा तपासा, दोन्ही वेळा तिचा बाक वेगळा निघेल.

घरी बेस कूलरसमोर ठेवू नका. ओल्या वाऱ्यात तारा पंधरा दिवसांत काळ्या पडतात. बंद गाडीच्या डिकीत तर दुपारी दहा मिनिटंही नको. उन्हात ठेवलेल्या गाडीतून काढलेल्या बेसचा ब्रिज हाताला चटका देतो, हे मी स्वानुभवानं सांगतो.

जुनी घेत असाल तर हेडस्टॉककडून ब्रिजकडे एक डोळा मिटून पाहा. नेक पिळलेली दिसली तर किंमत कितीही पाडली तरी नको. नॉब खरखरत असेल तर खुशाल घ्या, क्लीनर मारला की झालं. त्याच नॉबवरून पाचशे-हजार उतरवून घ्या. मग ट्रस रॉडला चावी लावून पाहा. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि फट तरीही व्हिजिटिंग कार्डापेक्षा जास्त असेल, तर गिटार भिंतीवर परत टांगा आणि तर्री पोहे खाऊन घरी या.