दिवा कुठे लावायचा, हे सावली पाहून ठरवावे

घरातील प्रकाशाचा विचार बहुधा फार उशिरा सुरू होतो. भिंतींत झिऱ्या मारण्याचे काम चालू असते, वायरमन ‘पॉइंट कुठे काढू?’ असे विचारतो आणि प्रत्येक खोलीत छताच्या मधोमध बोट दाखवून आपण मोकळे होतो. निर्णय सोपा असला तरी बहुतेक वेळा तो चुकतो, कारण खोलीच्या मधोमध सहसा कोणी काही करत नाही. लिहिणे, चिरणे, दाढी करणे, कपाट लावणे ही सारी कामे भिंतीलगत, भिंतीकडे तोंड करून होतात. अशा वेळी दिवा पाठीमागे राहतो आणि माणसाची स्वतःचीच सावली नेमकी त्याच्या हातांवर पडते. दिव्यांची संख्या वाढवूनही ही अडचण सुटत नाही. त्यासाठी दिव्याची जागाच बदलावी लागते.

म्हणून पहिले काम कागदावरचे आहे. खोलीचा साधा आराखडा काढून त्यात पलंग, मेज, कपाटे, आरसे यांच्या जागा दाखवाव्यात, आणि जिथे माणूस बसणार किंवा उभा राहणार तिथे एक टिंब व तो ज्या दिशेला पाहणार त्या दिशेने एक बाण काढावा. काम करताना प्रकाश बाणाच्या पुढून, बाजूने किंवा वरून थोडा पुढच्या अंगाने यायला हवा आणि दिवा स्वतः डोळ्यांना दिसता कामा नये. हा नियम पाळला की अर्धी प्रकाशयोजना आपोआप ठरते.

प्रकाश किती हवा, हे वॅटवर ठरवण्याची जुनी सवय आता सोडावी, कारण वॅट ही केवळ विजेच्या वापराची मोजणी आहे. दिव्यातून बाहेर पडणारा प्रकाश लुमेनमध्ये मोजतात, आणि एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक लुमेन पडला की त्याला एक लक्स म्हणतात. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब साधारण ८०० लुमेन देत असे; तेवढाच प्रकाश आज ८ ते ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. बैठकीच्या खोलीत सर्वसाधारण वावरासाठी १०० ते २०० लक्स, वाचन, लेखन आणि चिरण्यासारख्या कामांच्या जागी ३०० ते ५०० लक्स, तर बोळात ५० ते १०० लक्स पुरतात.

हिशोब अवघड नाही. १२ चौरस मीटरच्या खोलीत १५० लक्स हवे असतील, तर १,८०० लुमेन पृष्ठभागावर पडायला हवेत. परंतु काही प्रकाश दिव्याच्या आवरणात आणि काही भिंतींत मुरतो, त्यामुळे निम्माच पोहोचेल असे धरून ३,६०० लुमेनचे दिवे घ्यावेत. भिंती गडद असतील तर याहूनही अधिक लागेल, कारण स्वच्छ पांढरा रंग पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत देतो, तर गडद निळा किंवा चॉकलेटी रंग १० ते १५ टक्केच देतो. भिंतीचा रंग शेवटच्या आठवड्यात बदलला, तर हा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. घरात वयस्कर माणसे असतील तर त्यांचाही विचार आकड्यांत यायला हवा. वयाबरोबर डोळ्यांची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होते, त्यामुळे साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. तरुणाला पुरेशी उजळ वाटणारी खोली त्यांना अंधारी वाटते, ती याचमुळे.

प्रकाशाची छटा केल्विनमध्ये लिहिलेली असते. २७०० ते ३००० केल्विनचा प्रकाश पिवळसर, ४००० चा तटस्थ आणि ६५०० चा निळसर पांढरा असतो. ६५०० केल्विनचा दिवा दुकानात सर्वांत प्रखर भासतो आणि म्हणूनच तो अनेकदा घरी येतो, पण संध्याकाळी विसाव्याच्या खोलीत तो रुक्ष वाटतो. शिवाय दृष्टिपटलातील काही पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात आणि झोपेशी संबंधित मेलॅटोनिनचे स्रवणे रोखतात. शयनगृहात निळसर दिवा टाळावा तो यासाठी. माझ्या मते शयनगृह आणि बैठकीसाठी २७०० ते ३०००, तर स्वयंपाकघर आणि अभ्यासाच्या मेजासाठी ४००० केल्विन योग्य ठरतात. एकाच खोलीत, एकाच वेळी दोन छटा मात्र पेटू देऊ नयेत. खोक्यावर सीआरआय नावाचा आणखी एक आकडा असतो; त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात, ते तो १०० पैकी सांगतो. ८० पेक्षा कमी सीआरआयचा दिवा घरात नको, आणि आरसा, कपड्यांचे कपाट व ओटा यांसाठी ९० असल्यास उत्तम.

सर्वांत जास्त काळजी स्वयंपाकघरात घ्यावी लागते, कारण तिथे धारदार सुरी आणि सावली एकत्र येतात. ओट्याच्या वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी बसवणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. २.४ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद ओट्याचे क्षेत्रफळ १.४४ चौरस मीटर होते. तिथे ५०० लक्स मिळवायला ७२० लुमेन पुरतात, आणि प्रकाश जवळून येत असल्याने तो फारसा वाया जात नाही. पट्टी कपाटाच्या मागच्या कडेला लावली तर भिंत उजळते आणि हाताखालची जागा अंधारी राहते. ती पुढच्या कडेजवळ, छोट्या आडोशामागे लावावी. ओट्याचा दगड चकचकीत असेल तर उघड्या पट्टीतला प्रत्येक छोटा दिवा त्यात ठिपक्यांच्या माळेसारखा दिसतो. दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या खाचेत पट्टी बसवली की ठिपके जातात आणि उष्णता बाहेर पडून पट्टीही जास्त टिकते.

आरशापुढील दिव्याबाबतची चूक रोज सकाळी दिसते. आरशाच्या वर छतात बसवलेला दिवा भुवया, नाक आणि हनुवटीखाली सावल्या पाडतो आणि चेहरा आजारी भासतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून साधारण १५० ते १६५ सेंटिमीटर उंचीवर, दुधी काचेचे दिवे लावल्यास चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या उजळतात. तेवढी जागा नसेल तर आरशाच्या वर, आरशाइतकाच रुंद दिवा लावावा. स्नानगृहातील दिव्यावरचे आयपी मानांकनही, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून दिवा किती सुरक्षित आहे ते सांगणारा आकडा, पाहावे: शिंतोडे उडतात तिथे आयपी ४४ आणि थेट फवारा पडू शकेल तिथे आयपी ६५.

बैठकीच्या खोलीत एकाच प्रखर दिव्यापेक्षा तीन-चार मंद दिवे सरस ठरतात. एक सर्वसाधारण प्रकाशासाठी, एक वाचण्याच्या खुर्चीच्या बाजूला मागून खांद्यावरून येणारा, एक भिंत किंवा चित्र उजळणारा आणि जमल्यास एक दूरदर्शन संचाच्या मागे मंद, कारण पूर्ण अंधारात लखलखता पडदा पाहताना डोळे लवकर थकतात. फॉल्स सीलिंगमध्ये समान अंतरावर डझनभर गोल दिवे पेरण्याची पद्धत मला पटत नाही; जमीन उजळते, भिंती काळवंडतात आणि सोफ्यावर मागे रेललेल्या माणसाच्या डोळ्यांत दोन-तीन दिवे थेट येतात. जेवणाच्या मेजावर टांगता दिवा असेल, तर त्याची खालची कडा मेजापासून ७५ ते ९० सेंटिमीटरवर ठेवावी आणि खुर्चीत बसून आतला बल्ब दिसत नाही ना, हे पाहावे.

शयनगृहाची योजना पलंगावर आडवे होऊनच तपासावी. उशाशी दोन्ही बाजूंना स्वतंत्र वाचनदिवे असले, म्हणजे एकाचे वाचन दुसऱ्याची झोप मोडत नाही, आणि मुख्य दिव्याचे बटण दारापाशी व उशाशी अशा दोन्ही ठिकाणी हवे. अभ्यासाच्या मेजावर उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून, आणि डावखुऱ्याला उजवीकडून प्रकाश यावा. संगणकाच्या पडद्यासमोर किंवा पाठीमागे खिडकी नसावी. ती बाजूला असलेली चांगली. जिन्यात प्रत्येक पायरीची कड दिसली आणि वर-खाली दोन्हीकडे बटण असले की पुरे.

बटणांची विभागणी दिव्यांइतकीच महत्त्वाची आहे. चार दिवे एकाच बटणावर जोडले, तर चारही वेगवेगळे लावल्याचा उपयोग उरत नाही. डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणारे बटण, हवा असेल तर दिव्याच्या खोक्यावर तो डिमरवर चालतो असे लिहिलेले असावे. तारेच्या बल्बांसाठीचे जुने डिमर एलईडीबरोबर गुणगुणतात किंवा लुकलुकतात. स्वस्त दिव्यांचा थरथराट डोळ्यांना जाणवत नाही, मात्र भ्रमणध्वनीचा कॅमेरा दिव्याकडे धरल्यावर पडद्यावर सरकणारे पट्टे दिसले, तर तो दिवा वाचनासाठी घेऊ नये.

झिऱ्या मारण्यापूर्वी एक संध्याकाळ खर्च करावी. लांब वायरला होल्डर जोडून त्यात ९ वॅटचा एलईडी बल्ब लावावा, तो काठीला बांधून एकाने ठरलेल्या जागी धरावा आणि दुसऱ्याने आराखड्यातल्या टिंबावर, बाणाच्या दिशेने तोंड करून, हातात पुस्तक किंवा फळी घेऊन बसावे अथवा उभे राहावे. काठी फूटभर पुढे सरकताच सावली हातावरून कशी निघून जाते, हे तिथेच दिसते. सावली निघून जाईल त्या जागी पेन्सिलने खूण करावी. वायरिंग झाल्यावर प्लॅस्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून छायाचित्र काढून ठेवावे. पुढे खिळा ठोकताना वायर कुठून गेली आहे, हे त्यावरून कळते.