गुलाबाची नवी जात करताय? खान्देशात या चुका टाळा

‘आप्पा, मना गुलाबले नवाच रंग उना!’ असं सांगत कुणी आलं की आधी फुलाचा फोटो बघू नका. फांदी कुठून फुटली ते विचारा. बहुतेक वेळा ती डोळ्याच्या (कलमाच्या सांध्याच्या) खालून, म्हणजे खुंटातून आलेली असते. नर्सरीतलं कलम म्हणजे मुळात दोन झाडं: वर आपण पैसे देऊन आणलेली जात, खाली काटक खुंट. मे महिन्यात वरची जात दमते, खुंट मात्र तग धरतो आणि पावसाळ्यात जोमाने फुटवे काढतो. मग पुढच्या हिवाळ्यात लाल ‘ग्लॅडिएटर’च्या जागी फिकट रंगाच्या बारीक फुलांचे घोस दिसतात. ही नवी जात नव्हे, खुंटाने जुनी जात गिळली एवढंच.

खरा बदल डोळ्याच्या वरच्या फांदीवर येतो. पान, काटे, वाढ जवळपास तशीच राहते आणि रंग किंवा वाढीची सवय तेवढी बदलते. ‘पीस’ या गुलाबावर असाच बदल दिसला आणि त्यातून १९६२ मध्ये ‘शिकागो पीस’ बाजारात आला. तुमच्याकडे तसं काही दिसलं तर त्याच फांदीचे डोळे, म्हणजे पानाच्या बगलेतले अंकुर, काढून नव्या खुंटांवर भरा. त्या कलमांवर तोच रंग आला आणि त्यांच्या डोळ्यांपासून केलेल्या पुढच्या कलमांवरही टिकला, तर बोलायला अर्थ आहे. एकाच फांदीवर एकदाच आलेलं वेगळं फूल कौतुकाचं असतं, पण ती जात होत नाही.

आता संकराकडे, म्हणजे एका जातीचा (बापाचा) पराग दुसरीच्या (आईच्या) फुलावर लावून बी धरण्याकडे, वळू.

परदेशी वेळापत्रक पाळणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. इंग्लंड-अमेरिकेतले लोक वसंतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी संकर करतात आणि शरद ऋतूत फळं तोडतात. ते वाचून आपल्याकडे कुणी फेब्रुवारी-मार्चच्या बहरात संकर केला, तर फळ पिकायच्या वेळी जळगाव-भुसावळचा पारा ४३-४४ वर गेलेला असतो. परागण झाल्यापासून फळ पिकायला साधारण साडेतीन ते चार महिने लागतात. गरम वारा सुटला की अर्धं भरलेलं फळ देठासकट वाळतं.

म्हणून उलटं मोजायचं. फळं मार्चअखेर हातात हवीत, तर संकर नोव्हेंबरात, फार तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत आटोपला पाहिजे. छाटणीपासून फुलापर्यंत सुमारे दीड महिना जातो. नेहमीची ऑक्टोबर छाटणी महिन्याच्या अखेरीस गेली तर पहिला बहर डिसेंबरच्या मध्यावर येतो आणि आपली सगळी मुदत तिथेच संपते. जी झाडं आई-बाप म्हणून ठरवली आहेत, तेवढ्यांची छाटणी सप्टेंबरच्या शेवटी उरका. परतीच्या पावसाने एखादी फांदी कुजली तर कुजू द्या, तो धोका मे महिन्याच्या धोक्यापेक्षा लहान आहे.

बियांचंही तेच. मार्चमध्ये फळं काढली, बी लगेच ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या भुशात) फ्रिजात ठेवलं आणि दोन-अडीच महिन्यांनी, म्हणजे भर जूनमध्ये पेरलं, की रोपं येत नाहीत. आली तरी कोलमडतात. गुलाबाचं बी थंडीनंतरच्या मवाळ हवेत, साधारण १५ ते २० अंशांत चांगलं उगवतं. फार गरम झालं तर ते पुन्हा झोपी जातं. त्यापेक्षा मार्चमध्ये काढलेलं बी स्वच्छ करून कोरडंच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ऑगस्टच्या शेवटी ते ओलसर कोकोपीटमध्ये, झिपच्या पिशवीत घालून त्याच कप्प्यात ४-५ अंशांवर आठ ते दहा आठवडे ठेवा आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरा. वर्षभर थांबावं लागतं, याला इलाज नाही. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. दर आठवड्याला पिशवी उघडून बुरशी बघा. कुठे मोड दिसला तर ते बी काढून लगेच ट्रेमध्ये लावा.

उमललेल्या फुलावर संकर करणं

कपाशीच्या सीड प्लॉटवर ज्यांनी हात चालवला आहे, त्यांना हे काम शिकवावं लागत नाही: संध्याकाळी पुंकेसर काढायचे, सकाळी पराग लावायचा. गुलाबातही तोच क्रम. चूक एवढीच होते की लोक उमललेलं फूल निवडतात. तोवर परागकोश फुटलेले असतात आणि फूल स्वतःच्याच परागाने फळलेलं असू शकतं. कळीचा रंग दिसू लागला आहे पण पाकळ्या अजून सैल झालेल्या नाहीत, अशी कळी घ्या. सगळ्या पाकळ्या मुळापासून खुडा. एखादी उरली की तिथून कूज सुरू होते. मग बारीक चिमट्याने एकूण एक पुंकेसर काढा आणि कागदी पिशवी बांधा. प्लॅस्टिकची बांधली तर आत घाम धरतो आणि बुरशी येते.

बापाचे परागकोश आदल्या दिवशीच काढून बशीत, सावलीत सुकवा. दुसऱ्या दिवशी पिवळी पूड सुटते. आईची कुक्षी (फुलाच्या मधलं पराग धरणारं टोक) चिकट, चकचकीत दिसली की बोटाने किंवा ब्रशने पराग लावा आणि पुढच्या दिवशी पुन्हा एकदा लावा. धुकं किंवा दव असेल तर ऊन जरा वर येईपर्यंत थांबा, ओला पराग वाया जातो.

पुढे काय बिघडलं ते फळच सांगतं. दहा-पंधरा दिवसांत देठ पिवळा पडून गळाला, तर परागण जुळलंच नाही. महिनाभर हिरवं राहून फुगलं आणि मग गळालं, तर पाण्याचा ताण, रोग किंवा जनकांची न जुळणारी जोडी यांपैकी काहीतरी आहे. फळ मोठं झालं पण आत दोन-तीनच बिया निघाल्या, तर पुढच्या वर्षी तेच झाड आई न करता बाप करून बघा. काही जाती फळ धरत नाहीत, पण पराग उत्तम देतात.

आवडती दोन फुलं एकत्र करणं

लाल ‘ग्लॅडिएटर’ आणि सुगंधी गावठी गुलाब यांचा संकर केला की लाल सुगंधी गुलाब मिळेल, हा हिशोब कागदावर छान दिसतो. बाजारातले बहुतेक हायब्रीड टी (लांब दांड्यावर मोठं फूल देणारे) गुलाब चतुर्गुणित असतात, म्हणजे पेशीत २८ गुणसूत्रं. अनेक रानटी जाती आणि जुने गुलाब द्विगुणित, १४ गुणसूत्रांचे. दोघांची संतती बहुधा २१ गुणसूत्रांची निघते आणि तिला पुढे बी फारसं धरत नाही. तिथेच वंश थांबला तरी चालेल, फूल हवं होतं ते मिळालं, असं म्हणणाऱ्याला अडचण नाही. पुढची पिढी हवी असेल तर आधी गुणसूत्रांची माहिती शोधा.

दुसरी गोष्ट बारमाही फुलण्याची. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या रानटी गुलाबाशी बारमाही जातीचा संकर केला, तर पहिल्या पिढीतली झाडं एकदाच फुलतात. बारमाहीपणाचा गुण दबलेला असतो, तो पुढच्या पिढीत परत मिळवावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे लोक पहिल्याच पिढीत सगळं उपटून टाकतात.

आणि रंगाआधी उष्णतेकडे बघा. थंड मुलखात केलेली जात आणून तिच्यावर काम करण्यापेक्षा इथल्या अंगणात मे काढून जूनमध्ये पुन्हा फुटणारी जात आई म्हणून घ्या. कोडाईकनालचे विरू आणि गिरिजा वीरराघवन यांनी उष्ण हवामानासाठी गुलाब करताना ‘रोझा क्लिनोफायला’ आणि ‘रोझा जायगँटिया’ या भारतातल्याच रानटी गुलाबांचा आधार घेतला, तो याच विचाराने.

नोंद उद्यावर टाकणं

मार्कर पेनाने लिहिलेलं लेबल एप्रिलच्या उन्हात पांढरं होतं. शिसपेन टिकते. लिहिताना आईचं नाव आधी, मग गुणाकाराचं चिन्ह, मग बापाचं. रोपांना नाव नको, आकडा द्या. जगभर गाजलेला ‘पीस’ तो करणारे फ्रेंच संकरकार फ्रान्सिस मेयाँ यांच्या वहीत ३-३५-४० होता: १९३५ सालचा तिसरा संकर, त्यातलं चाळिसावं रोप. इतकं पुरतं. पिशवी बांधली नसेल तर बापाच्या जागी प्रामाणिकपणे ‘मुक्त परागण’ लिहा, अंदाजाने नाव घालू नका.

पहिल्या फुलावर निकाल देणं

बारमाही जातींची रोपं उगवल्यापासून दीड-दोन महिन्यांतच इवलंसं फूल देतात. त्यात पाकळ्या कमी, रंग फिका, दांडा काडीसारखा. त्यावरून रोप फेकू नका आणि त्यावरून डोक्यावरही घेऊ नका. पहिल्या वर्षी फक्त रोगट आणि मरतुकडी रोपं काढा. फुलाचा विचार दुसऱ्या हिवाळ्यात, डोळे भरून केलेल्या चार-पाच कलमांवर करा. एकाच झाडावरून कधीच ठरवू नका. जागा चांगली मिळाली, शेणखत जास्त पडलं, एवढ्यानेही झाड देखणं दिसतं.

निवडीसाठी लावलेल्या रोपांच्या ओळीवर फवारणी बंद ठेवा, असं माझं मत आहे. पावसाळ्यात काळे ठिपके, हिवाळ्यात भुरी, उन्हाळ्यात लाल कोळी ही तीन परीक्षा इथलं हवामान फुकट घेतं. बुरशीनाशक मारून पास केलेलं झाड पुढे घेणाऱ्याच्या अंगणात नापास होतं आणि नाव तुमचं जातं.

कवितेसारखं वर्णन करणं

‘मनमोहक गडद लाल, अप्रतिम सुगंध, भरपूर फुलं.’ असं वर्णन शेकडो जातींना लागू पडतं. वर्णनाचं काम एकच: तुमचं झाड न बघितलेल्या माणसाला ते ओळीतून ओळखता आलं पाहिजे.

समजा असं लिहिलं: ‘सरळ वाढणारं झुडूप, उंची ९० ते १०० सेंमी. कोवळी पालवी तांबूस, पक्व पान मध्यम हिरवं, चकाकी कमी. काटे मध्यम, खाली वळलेले. दांड्यावर बहुधा एकच फूल. व्यास डिसेंबरात १० ते ११ सेंमी, एप्रिलात ७ ते ८. पाकळ्या ३० ते ३५. पाकळी आतून लाल, पाठीकडून फिकट, तळाशी लहान पिवळा ठिपका. सुगंध सकाळी मध्यम, दुपारी जाणवत नाही.’ यात एकही विशेषण सजावटीचं नाही, तरी झाड डोळ्यांपुढे उभं राहतं.

पाकळ्या एका फुलाच्या मोजून भागत नाही. वेगवेगळ्या कलमांवरची निदान दहा फुलं मोजा आणि कमीत कमी ते जास्तीत जास्त आकडा द्या. अमेरिकन रोझ सोसायटीच्या वर्गवारीत १७ ते २५ पाकळ्यांचं फूल दुहेरी, २६ ते ४० चं भरगच्च. एका फुलावरून लिहाल तर वर्गच चुकेल.

रंगात सर्वाधिक फसगत होते. उष्णतेत लाल-गुलाबी रंगद्रव्य कमी तयार होतं, म्हणून नाताळातलं गडद फूल रामनवमीला फिकं दिसतं. दोन्ही हंगामांतला रंग लिहा आणि महिना टाका. रंग ठरवताना फूल अर्धं उमललेलं असावं, थेट उन्हात धरू नये. आरएचएसचा (ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा) रंगतक्ता मिळाला तर सोनं, पण तो महाग आहे. नसेल तर ओळखीच्या जातीचं त्याच दिवशीचं फूल शेजारी ठेवून ‘ग्लॅडिएटरपेक्षा गडद’ असं लिहा. मोबाईलवर विसंबू नका, लाल रंग त्यात हमखास भडक किंवा जांभळट येतो. फोटोत शेजारी पांढरा कागद आणि मोजपट्टी ठेवली तर निदान बघणाऱ्याला फरक कळतो.

पानांचं एक वेगळंच प्रकरण. तापीकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोहाची कमतरता दिसते: कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. हा जातीचा गुण म्हणून वर्णनात गेला की पुढे हसू होतं. आधी लोहाची फवारणी देऊन नवी पालवी बघा. जुन्या पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा असतील तर तो विषाणू असू शकतो. अशा झाडाचे डोळे कुणाला देऊ नका, तो डोळ्यांबरोबर पसरतो.

आणि तुलनेसाठी सर्वांत जवळची जात शेजारच्या ओळीत लावा. कागदावर ‘वेगळी’ म्हणणं सोपं आहे. त्याच मातीत, त्याच पाण्यावर वेगळी दिसली तर ती वेगळी.

नाव आणि विक्रीची घाई

गुलाबांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद १९५५ पासून अमेरिकन रोझ सोसायटीकडे आहे. ‘खान्देश क्वीन’ किंवा ‘तापी’ ठेवण्याआधी ते नाव कुणी घेतलं आहे का बघा. लॅटिन धाटणीचं नाव चालत नाही. व्यापारी नावं देशागणिक बदलतात. तोच ‘पीस’ फ्रान्समध्ये ‘मादाम ए. मेयाँ’, जर्मनीत ‘ग्लोरिया डेई’ आणि इटलीत ‘जोया’ आहे. म्हणून नोंदणीचं मूळ नाव एकच आणि पक्कं हवं.

कायदेशीर संरक्षण हवं असेल तर २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा लागतो. त्यात जात नवी, वेगळी, एकसारखी आणि स्थिर असावी लागते. लोक अडकतात ते ‘नवी’ या शब्दावर: अर्जाच्या तारखेच्या एक वर्षाहून आधी भारतात तिची विक्री झाली असेल तर ती नवी उरत नाही. प्रदर्शनात बक्षीस मिळालं म्हणून दुसऱ्याच दिवशी रोपं विकायला काढणाऱ्यांनी ही तारीख आधी वहीत लिहावी. दुसऱ्याची संरक्षित जात संकरासाठी जनक म्हणून वापरायला कायदा आडवा येत नाही. पण तिच्याच फांदीवर आलेला बदल स्वतःचा म्हणून विकायचा असेल तर मूळ मालकाची परवानगी लागू शकते.

विक्री न करता केलेल्या चाचणीने मात्र हक्क जात नाही. तेव्हा घाई असेलच तर चार रोपं शिरपूरला, चार चाळीसगावला, चार सातपुड्यात तोरणमाळकडच्या कुणाला चाचणीसाठी द्या. देताना चिठ्ठीवर जातीचा आकडा, तारीख आणि ‘विक्रीसाठी नाही, डोळे देऊ नयेत’ एवढं लिहून समोरच्याची सही घ्या.