विरंगुळा केंद्रात फ्रेल्टी मोजायची आहे? आदल्या दिवशीची तयारी

फ्रेल्टी म्हणजे उतारवयात ताकद आणि चपळाई कमी होऊन येणारी दुर्बलता. आधी जागा पाहून या, यंत्रे नंतर. चालण्याचा वेग मोजायला सहा मीटर सरळ, सपाट, कोरडी वाट लागते. त्यातले मधले चार मीटर मोजायचे. अलीकडचा एक मीटर चाल लागायला, पलीकडचा थांबायला. हा शेवटचा मीटर सोडला नाही तर माणूस रेघेआधीच पाऊल आखडतो आणि वेग खोटा उतरतो. फरशा मोजून अंतर धरू नका. दोन फुटी फरशी साधारण साठ सेंटिमीटरची, तिच्या हिशेबात चार मीटर नेमके बसत नाहीत. टेपने मोजा, रंगीत चिकटपट्टी लावा. जुलैत वाशी-नेरूळला कार्यक्रम असेल तर ओल्या छत्र्या दाराबाहेर राहतील अशी सोय हवीच, कारण ओली फरशी दिसली की प्रत्येक जण जपून चालतो.

खुर्ची बिनहातांची, टणक, बैठक सुमारे 43 सेंटिमीटर उंच, पाठ भिंतीला टेकलेली. वाकणारी प्लॅस्टिकची खुर्ची चालणार नाही. हात छातीवर घेऊन पाच वेळा उठून बसायचे, वेळ 12 सेकंदांच्या आत हवी. आधी एकदा हात न टेकता उठता येते का ते बघा. येत नसेल तर तेवढीच नोंद करून थांबा. शेजारी एक जण आधाराला उभा हवा, पण हात लावायचा नाही.

निरोप देतानाच सांगा: नाश्ता करून या, गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या, रोजचीच चप्पल घाला, काठी असेल तर आणा. साडीच्या निऱ्या पायात येणार नाहीत एवढ्या वर खोचायला सांगा. पार्किन्सनच्या रुग्णाने शेवटची गोळी कधी घेतली ते लिहाच. गोळीचा असर उतरला असताना तोच माणूस वेगळा चालतो. सिडकोच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींतून बरेच जण जिने उतरून, चालत येतात. आल्याआल्या चाचणी नको, दहा मिनिटे बसू द्या. मग रक्तदाब बसून घ्या, उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा 20 ने उतरला तर चालणे-उठणे रद्द, आधी डॉक्टर.

सर्वांत जास्त चुका होतात मुठीच्या ताकदीत. डायनॅमोमीटर म्हणजे मुठीत दाबून ताकद मोजायचे यंत्र; त्याची मूठ सगळ्यांना एकाच खाचेवर ठेवा, बहुतेक वेळा दुसऱ्या. माणूस बसलेला, कोपर अंगालगत काटकोनात, अंगठी काढलेली. हात मांडीवर टेकला की आकडा बदलतो. दोन्ही हातांनी तीन-तीनदा, मध्ये विश्रांती, सर्वांत मोठा आकडा धरायचा. आशियाई निकषांनुसार पुरुषांत 28 आणि स्त्रियांत 18 किलोंच्या खाली ताकद कमी मानतात. उत्तेजन सगळ्यांना सारख्याच शब्दांत द्या. एकाला ओरडून आणि दुसऱ्याला हळू सांगितले तर तुलनाच उरत नाही. हाताचे नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर तो हात वगळा.

वजनकाटा टणक फरशीवर, सतरंजीवर नाही. वर्षभरापूर्वीचे वजन जुन्या फायलीतून काढून आणायला सांगा. न ठरवता 4.5 किलो किंवा पाच टक्के घट हा एक निकष आहे, पण पायांना सूज असेल तर ती घट झाकली जाते, म्हणून घोटे दाबून पाहा.

थकव्याचा प्रश्न बाजूला नेऊन विचारा. मुलगा किंवा सून शेजारी असली की आजी “मला काय धाड भरलीय” म्हणून मोकळ्या होतात. गेल्या आठवड्यात किती दिवस प्रत्येक काम ओढून-ताणून करावे लागले? तीन किंवा जास्त दिवस असतील तर नोंद. हालचालीबद्दल विचारताना केर, फरशी, पाणी भरणे ही घरकामे नावे घेऊन विचारा. बायका ती आपणहून सांगत नाहीत.

ताकद, वेग, वजन, थकवा, हालचाल या पाचांपैकी तीन किंवा जास्त ठिकाणी उणे असेल तर फ्रेल्टी, एक-दोन ठिकाणी असेल तर तिची पूर्वावस्था. कागदावर खुर्चीची उंची, यंत्राचे नाव आणि मोजणाऱ्याचेही नाव लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी त्याच मापाने मोजता येईल. एक प्रत त्या ज्येष्ठांच्या हाती द्या.