किडनीच्या तपासणीला जाण्याआधी

सगळ्यात आधी डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचा. नुसतं ‘केएफटी’ किंवा ‘आरएफटी’ (दोन्ही म्हणजे किडनीचं काम पाहणाऱ्या चाचण्या) लिहिलं असेल तर बहुतेक ठिकाणी युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड आणि जोडीला सोडियम-पोटॅशियम एवढं करतात. एका सुईत काम होतं. पण खाली ‘युरिन एसीआर’ (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण), ‘२४ तासांची लघवी’ किंवा ‘अमोनिया’ असं काही असेल, तर त्या प्रत्येकाची तयारी वेगळी असते आणि ती ऐन सकाळी आठवून उपयोग नसतो. अक्षर लागत नसेल तर लॅबला आदल्या दिवशीच चिठ्ठी दाखवा आणि विचारून घ्या: उपाशीपोटी यायचं का, लघवी कुठल्या वेळची हवी, लघवी गोळा करायचा कॅन तुम्ही देणार की आम्ही आणायचा.

ही तयारी का करायची, हे एकदा समजलं की पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतं. युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, अमोनिया या सगळ्यांत नायट्रोजन असतो, पण ती प्रथिनं नव्हेत. शरीराचं काम चालू असताना उरलेला हा भाग आहे. प्रथिनं मोडताना निघणाऱ्या अमोनियापासून यकृत युरिया बनवतं. स्नायूंमधल्या क्रिएटिनचा साधारण १ ते २ टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो. युरिक ॲसिड प्युरिनपासून, म्हणजे पेशींमधल्या आणि अन्नातल्या एका घटकापासून, येतं. त्यामुळे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो: माल किती तयार झाला आणि किडनीने किती बाहेर टाकला. डॉक्टरांना दुसरी गोष्ट हवी असते. पहिली शक्य तितकी रोजच्यासारखी ठेवणं आपल्या हातात असतं, आणि तयारी म्हणजे एवढंच.

आदले एक-दोन दिवस जिममध्ये जोर काढू नका, लांब पल्ल्याचं धावणं पुढे ढकला. जबर व्यायामाने क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं आणि लघवीत अल्ब्युमिनही दिसू शकतं. आदल्या संध्याकाळी मांसाहार टाळा. मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं, ते पोटातून थेट रक्तात उतरतं आणि काही तास आकडा वर राहतो. याचा अर्थ आठवडाभर आहार बदलायचा असा मात्र नाही. रिपोर्ट चांगला यावा म्हणून चार दिवस प्रथिनं बंद केली तर युरिया खाली येईल, पण तो आकडा तुमच्या किडनीबद्दल काही सांगणार नाही. क्रिएटिनची पावडर घेत असाल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, लपवू नका. पाणी नेहमीइतकंच प्या. तहान मारली की युरिया चढतो, आणि घटाघट दोन-तीन लिटर प्यायल्याने किडनी अचानक सुधारत नाही. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी ते प्रमाण तपासणीसाठी मोडू नये. जुलाब, उलट्या, ताप चालू असेल आणि तपासणी केवळ वार्षिक असेल, तर डॉक्टरांना विचारून चार दिवस थांबलेलं बरं. त्या आजारासाठीच तपासणी सांगितली असेल तर अर्थातच थांबायचं नाही.

गोळ्यांची यादी कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगताना निम्म्या गोळ्या राहून जातात. त्यातही काही नावं मुद्दाम लिहावीत अशी आहेत. ट्रायमेथोप्रिम आणि सिमेटिडिन क्रिएटिनिनची किडनीतली वाट अडवतात. गाळण्याचं काम तसंच चालू असतं, पण रक्तातला आकडा वाढतो. फेनोफायब्रेटनेही क्रिएटिनिन चढतं. रक्तदाबाच्या ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गटातल्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते थोडं वाढू शकतं, आणि डॉक्टरांना ते अपेक्षित असतं. स्टेरॉइडने युरिया वाढतो. वेदनाशामक गोळ्या तर किडनीला खरोखरच इजा करू शकतात, म्हणून ‘ती काय, अधूनमधून घेतो’ म्हणून वगळू नका. व्हिटॅमिन सीचे मोठे डोस काही पद्धतींमध्ये युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन खोटं कमी दाखवतात. मात्र यातलं काहीही तपासणीसाठी स्वतःहून बंद करायचं नाही. नाव लिहायचं, डोस लिहायचा, शेवटची गोळी कधी घेतली ते लिहायचं.

लॅबला आणखी एक प्रश्न विचारा: क्रिएटिनिन ‘जाफे’ या जुन्या रंगाच्या पद्धतीने करता की एन्झायमॅटिक, म्हणजे एन्झाइम वापरून? जाफेची अभिक्रिया १८८६ सालची. अल्कलीमध्ये पिक्रिक ॲसिड घातलं की क्रिएटिनिनबरोबर नारिंगी-लाल रंग येतो. ती स्वस्त आहे आणि आजही वापरात आहे, पण कीटोन, ग्लुकोज, सेफॉक्सिटिनसारखी काही अँटिबायोटिक्स यांनाही ती फसते. मधुमेहात कीटोन वाढलेल्या माणसाचं क्रिएटिनिन यामुळे उगाच जास्त दिसू शकतं. म्हणून माझा आग्रह असतो की दर वेळी एकाच लॅबमध्ये जा. १.१ वरून १.३ झालेलं क्रिएटिनिन किडनीमुळे वाढलं की पद्धत बदलल्यामुळे, हे दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून कळत नाही.

तपासणीच्या सकाळी फक्त युरिया-क्रिएटिनिन असेल तर हलका नाश्ता चालतो; सोबत उपाशीपोटीची साखर असेल तर नाही. जुने रिपोर्ट, गोळ्यांचा कागद, वय आणि वजन बरोबर असू द्या. गरोदर असाल तर सुई टोचण्याआधी सांगा, कारण गरोदरपणात क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली असतं आणि इतरांसाठी ‘नॉर्मल’ असलेला आकडा तेव्हा चिंतेचा असू शकतो. हाताला सलाइन चालू असेल तर रक्त दुसऱ्या हातातून घ्यायला सांगा. पाय कापावा लागला असेल, दीर्घ आजाराने स्नायू झिजले असतील किंवा शरीर फार कमावलेलं असेल, तर क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) दिशाभूल करतो. अशा वेळी डॉक्टरांना सिस्टॅटिन सी या रक्तातल्या दुसऱ्या खुणेबद्दल जरूर विचारा. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. थायरॉइड आणि स्टेरॉइडचा मात्र त्यावर परिणाम होतो.

एसीआरसाठी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार. पाळी चालू असताना, लघवीचा संसर्ग असताना किंवा तापात ती देऊ नका.

आता २४ तासांची लघवी. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सावकाश वाचा. समजा सकाळी ७ ला सुरुवात करताय. ७ वाजता लघवी करा आणि ती टाकून द्या, कॅनमध्ये नाही. वेळ कॅनवर लिहा. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची, प्रत्येक वेळची लघवी कॅनमध्ये जायला हवी. दुसऱ्या दिवशी बरोबर ७ वाजता पुन्हा लघवी करा, आणि ही मात्र कॅनमध्ये टाका. पहिली बाहेर, शेवटची आत. शौचाला जाताना होणारी लघवी हमखास निसटते, तेव्हा आधी भांड्यात लघवी करा, मग बसा. कॅनमध्ये थेट लघवी करू नका. काही कॅनमध्ये आधीच ॲसिड घातलेलं असतं आणि ते अंगावर उडतं. त्याच कारणासाठी कॅन आतून धुऊही नका. कॅन थंड जागी, झाकण घट्ट लावून ठेवा. युरिक ॲसिडसाठी लघवी गोळा करत असाल तर ॲसिड घातलेला कॅन चालत नाही, त्याचे खडे तळाशी बसतात. तेव्हा कॅन कशासाठी दिलाय ते विचारून घ्या. घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा आणि बाथरूमच्या दारावर कागद चिकटवा. कामावर जायचा दिवस यासाठी निवडू नका.

एक वेळची लघवी निसटली तर काय होतं ते पाहा. लघवीतलं क्रिएटिनिन १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, रक्तातलं १, आणि दिवसाची लघवी १४४० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला १ मिलिलिटर. क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त क्रिएटिनिनपासून साफ करते तो आकडा, येतो १००. आता रात्री झोपेत उठून ३६० मिलिलिटर सवयीने शौचालयातच गेली असं धरा. उरली १०८०. क्लिअरन्स येतो ७५. किडनी तीच, रक्त तेच, आणि कागदावर पाव भाग काम गायब. म्हणून एखादी वेळ चुकली तर लाजू नका, लॅबला सांगा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. चांगली लॅब हे पडताळूनही पाहते: पुरुषाच्या दिवसभराच्या लघवीत वजनाच्या दर किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम क्रिएटिनिन अपेक्षित असतं, स्त्रीच्या १५ ते २०. खूप कमी भरलं तर लघवी अपुरी असल्याची शंका येते. क्लिअरन्ससाठी त्याच २४ तासांत किंवा कॅन द्यायला जाताना रक्तही द्यावं लागतं, ते विसरू नका.

टेबलाच्या पलीकडे नव्याने बसणाऱ्यांसाठी, म्हणजे लॅबमध्ये रक्त घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. अमोनियाचं सॅम्पल असेल तर सुई उघडण्याआधी बर्फ तयार ठेवा आणि सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवून वेगळं करणारं यंत्र) मोकळं आहे का पाहा. रुग्णाला मूठ आवळायला लावू नका, दंडाचा पट्टा कमीत कमी वेळ ठेवा, ट्यूब ईडीटीएची घ्या आणि प्लाझ्मा १५ मिनिटांत वेगळा करा. ट्यूब टेबलावर पडून राहिली की तिच्यातच अमोनिया तयार होत राहतो. अमोनियम हेपॅरिनची ट्यूब इथे नको आणि युरियालाही नको. युरिया युरिएज या एन्झाइमने मोजत असाल तर साखरेची राखाडी टोपीची ट्यूब वापरू नका, तिच्यातलं फ्लोराइड ते एन्झाइमच बंद पाडतं. रासब्युरिकेज हे युरिक ॲसिड मोडणारं औषध चालू असलेल्या रुग्णाचं युरिक ॲसिडचं सॅम्पलही बर्फातच हवं, नाहीतर औषध ट्यूबमध्येही काम करत राहतं.

रिपोर्ट घेताना एकक बघा. ‘युरिया’ आणि ‘बीयूएन’ (युरियातला फक्त नायट्रोजन) वेगळे आहेत: बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. बीयूएन १४ आणि युरिया ३० ही एकच स्थिती आहे, तेव्हा लॅब बदलल्यावर आकडा दुप्पट दिसला तर आधी हे तपासा. क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ छापलंय म्हणून जुने रिपोर्ट घरी ठेवू नका. गाळण्याची क्षमता जवळपास निम्मी होईपर्यंत ते मर्यादेत राहू शकतं, म्हणून तुमचाच मागचा आकडा जास्त बोलका असतो. ईजीएफआर ६० च्या खाली आला तरी एकाच रिपोर्टवरून जुनाट आजार ठरत नाही, त्यासाठी तो किमान ३ महिने खाली राहावा लागतो. तेव्हा उठण्याआधी डॉक्टरांकडून पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्या, आणि या वेळी तयारीत काही चुकलं असेल तर त्याच कागदावर तेही नोंदवा.