लो बार सोडून हाय बार स्क्वॉटकडे वळताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ओझी दोन तऱ्हांनी वाहिली जातात. हमालाच्या पाठीवर पोतं असतं आणि तो कमरेतून वाकून चालतो. मासळीवालीच्या डोक्यावर पाटी असते आणि तिची पाठ ताठ. कुणी शिकवत नाही. ओझ्याचा भार पावलांच्या मध्यावर राहिला नाही तर तोल जातो, हे शरीराला आपसूक कळतं.

स्क्वॉट म्हणजे पाठीवर बार, म्हणजे वजनं लावलेली लोखंडी दांडी, घेऊन मारलेली बैठक. तिच्या लो बार आणि हाय बार या दोन प्रकारांतला फरकही एवढाच. बार खांद्याच्या मागच्या स्नायूंवर खाली टेकवला की धड पुढे झुकतं आणि काम नितंब, हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) आणि कमरेकडे जातं. चार-पाच सेंटीमीटर वर, ट्रॅपवर, म्हणजे मानेपासून खांद्यांकडे जाणाऱ्या स्नायूवर, घेतला की धड उभं राहतं, गुडघे पुढे येतात आणि मांडीचा पुढचा भाग पेटतो.

मी लो बार सोडला तो खांद्यांपायी. बार खाली धरून ठेवायला हात बरेच मागे वळवावे लागतात. त्याचा हिशेब बेंच प्रेसच्या (बाकावर उताणं पडून बार वर ढकलायच्या) दिवशी कोपरं चुकता करायची. तुमचं कारण वेगळं असेल. वेटलिफ्टिंगकडे वळायचं असेल तर हाय बारला पर्याय नाही, कारण क्लीनमध्ये, म्हणजे जमिनीवरचं वजन खांद्यांवर घेताना, ते पकडल्यावर खोल बैठकीतून उभ्या धडाने उठावं लागतं. मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो वजनगटात ११५ किलोंचं क्लीन अँड जर्क केलं, त्यातलं उठणं आठवून पाहा. गुडघ्याचं किंवा मणक्याचं जुनं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरला विचारा.

आधी घोटे तपासा

हाय बारमध्ये गुडघे पुढे जाणार, म्हणजे घोटा वाकायला हवा. भिंतीसमोर एक गुडघा टेकून बसा. पुढच्या पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटीमीटर ठेवा आणि टाच न उचलता त्या पायाचा गुडघा भिंतीला लावा. लागला तर उत्तम. नाही लागला तर रोज दोन मिनिटं हाच व्यायाम करा आणि तोवर टाच उंच असलेले लिफ्टिंगचे बूट घाला. त्यांची टाच साधारण २ सेंटीमीटर उचललेली असते. बूट महाग वाटले तर टाचांखाली वजनाची पातळ प्लेट ठेवूनही काही आठवडे निघतात, फक्त ती हलत नाही ना हे पाहा. मऊ गादीचे धावायचे बूट मात्र घरी ठेवा.

बार कुठे ठेवायचा

मी पहिल्या दिवशी इथेच चुकलो. हनुवटी छातीला लावून मानेच्या मागे बोट फिरवा. बुडाशी एक हाड टचकन वर आलेलं लागेल. त्या हाडावर बार ठेवायचा नाही. मी ठेवला होता, आणि पुढचे तीन दिवस स्कूटर चालवताना मागे वळून बघता येत नव्हतं. बार त्या हाडाच्या खाली हवा. खांद्याची पाती एकमेकांकडे ओढली की ट्रॅपची जी मांसल गादी तयार होते, तिच्यावर. बारला लावायची फोमची नळी वापरू नका. तिने बार पाठीपासून लांब जातो आणि गोल फिरतो. पहिले दोन आठवडे त्वचेला थोडं टोचेल, मग सवय होते.

रॅकचे, म्हणजे बार टेकवायच्या चौकटीचे, हुक एक भोक वर घ्या. जुन्याच उंचीवर ठेवलेत तर प्रत्येक सेटची सुरुवात अर्ध्या बैठकीने होईल. पकड आता थोडी आत आणता येते. अंगठा बारभोवती गुंडाळा आणि कोपरं जमिनीकडे ठेवा, मागे छताकडे नाही.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. आपल्याकडे जिममध्ये निम्मी पोरं फुटबॉलची जर्सी घालून येतात. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तिच्यावरून बार साबणासारखा सरकतो. स्क्वॉटच्या दिवशी सुती टी-शर्ट घाला. समुद्राच्या खाऱ्या हवेने बारही गंजतात, तेव्हा उचलण्याआधी फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तो तांबडा पट्टा कपड्यावरून जाता जात नाही.

खाली जाताना

लो बार करणाऱ्याच्या डोक्यात एक वाक्य रुतून बसलेलं असतं: ‘मागे बस.’ बार आणि पकड बदलायला दिवस लागतो, हे वाक्य काढायला महिना. हाय बारमध्ये मागे बसलात की छाती पडते, बार मानेकडे घरंगळतो आणि कंबर ओझं उचलते. इथे खाली बसायचं, दोन टाचांच्या मधोमध, विहिरीत बादली सोडावी तसं.

दोन-तीन पावलांत रॅकमधून मागे या. पाय लो बारपेक्षा किंचित जवळ, बोटं थोडी बाहेर. पोटात श्वास भरून पोट घट्ट करा. गुडघे आणि कंबर एकाच वेळी वाकवा. गुडघे बोटांच्या पुढे गेले तरी चालेल. ते बोटांच्याच दिशेने जायला हवेत आणि टाच टेकलेली राहायला हवी, एवढं सांभाळा. मांड्यांचा वरचा भाग गुडघ्यांच्या खाली जाईपर्यंत उतरा. वर येताना पाठीने बारला वर रेटा. नितंब आधी उठून छाती मागे राहिली तर दोष बहुधा एकच असतो: वजन जास्त आहे.

किती वजनाने सुरुवात

लो बारच्या आकड्याचा मोह सोडा. सवयीच्या माणसाचाही हाय बार साधारण ५ ते १० टक्के कमीच असतो, आणि तुम्ही सवयीचे नाही. पाचच्या सेटला (सलग पाच बैठकांना) जे वजन वापरत होता त्याच्या ७० टक्क्यांवर या. म्हणजे १०० किलो असेल तर ७०. आठवड्यातून दोनदा, पाचचे तीन सेट. पहिले दोन आठवडे तीन सेकंदांत खाली जा, तळाशी एक सेकंद थांबा, मग उठा. हा थांबा कंटाळवाणा आहे, पण मागे बसायची खोड त्यानेच पकडली जाते. दर खेपेला अडीच किलो वाढवलेत तर नवव्या खेपेला ९० किलोंवर असाल. तिथून पुढे वाढ मंदावते, तेव्हा आठवड्याला एकदाच वाढवा.

दर सेटला मोबाइल बाटलीला टेकवून बाजूने, कमरेच्या उंचीवरून व्हिडिओ घ्या. त्यात दोनच गोष्टी बघा: बार पावलाच्या मध्यावरून सरळ वरखाली जातोय का, आणि टाच उचलली जातेय का. समोरच्या आरशात यातलं काही दिसत नाही. उलट आरशात बघायला मान वर केली की बार पुन्हा त्या हाडावर चढतो.

सेफ्टी पिन, म्हणजे बार पडलाच तर अडवणाऱ्या रॅकच्या आडव्या दांड्या, तळाच्या उंचीच्या जरा खाली लावलेल्या असू द्या. सायंकाळी सातला जिममधले दिवे जातात तेव्हा तुम्ही बैठकीच्या तळाशी असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे.

पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरत असाल तर तिथे दोन्ही प्रकार चालतात. तेव्हा लो बार पूर्ण टाकू नका, दहा दिवसांतून एकदा हलक्या वजनाने करत राहा. पहिले सहा आठवडे मात्र त्यालाही सुट्टी द्या.