कचरा डेपोच्या शेजारी राहताना वास, माश्या आणि उंदरांचं काय करायचं

आमच्या गॅलरीतून डेपोचा डोंगर समोर दिसतो. घर विकून निघून जाणं सगळ्यांना जमत नाही, आणि डेपो हलवण्याची लढाई वर्षानुवर्षं चालते. ती लढायचीच आहे. पण तोपर्यंत याच घरात लहान मुलं झोपतात आणि माझ्या सासूबाईंसारखी दम्याची माणसं श्वास घेतात. म्हणून जे आज करता येतं ते लिहिते. स्प्रे, औषधं, मशीन या गोष्टी नंतर. आधी एक वही घ्या आणि वास कधी येतो, कुठून येतो, कसला येतो ते लिहायला लागा.

गॅलरीच्या कठड्याला हलक्या प्लॅस्टिकची लांब पट्टी बांधा. वास आला की आधी पट्टीकडे बघा. ती डेपोकडून घराकडे उडत असेल तर कारण उघड आहे. पण आमच्याकडे सगळ्यात घाण वास येतो तो पट्टी निपचित लोंबत असते तेव्हा, पहाटे आणि रात्री उशिरा. रात्री जमीन गार होते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते आणि वरच्या उबदार हवेखाली अडकून राहते. डेपोतून निघालेला वायू मग वर न जाता आडवा पसरतो. ऊन चढलं की हवा ढवळली जाते आणि वास विरळ होतो. त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या खिडक्या उघडायची सवय डेपोशेजारी उपयोगाची नाही. आम्ही ऊन चांगलं वर आल्यावर, पट्टी डेपोच्या दिशेने उडत असताना, समोरासमोरच्या खिडक्या एकदम उघडून घर मोकळं करतो. वादळी पावसाआधी हवेचा दाब उतरतो तेव्हाही ढिगातला वायू जास्त बाहेर येतो. ढग भरून आले की खिडक्या आधीच लावून घ्या.

वास येत असताना स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बंद ठेवा. तो आतली हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा दुसऱ्या फटींमधून आत ओढतो. शेगडी चालू असेल तर मात्र घर पूर्ण कोंडू नका, डेपोच्या उलट बाजूची खिडकी उघडी राहू द्या.

वासाचा प्रकार ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण त्यावरून काय मागायचं ते ठरतं. आंबट, कुजका वास म्हणजे ताजा कचरा उघडा पडला आहे. कचरा टाकायचा भाग लहान ठेवून रोज संध्याकाळी त्यावर साधारण १५ सेंटिमीटर मातीचा थर टाकावा, अशी रूढ पद्धत आहे. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. ढिगातल्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो. या दोघांना वासच नसतो. वास येतो तो उरलेल्या जेमतेम एक टक्क्यामुळे, आणि नाकाला हायड्रोजन सल्फाइड अब्ज भागांत मोजके भाग असला तरी कळतो. तो वारंवार येत असेल तर ढिगावरच्या मातीच्या आवरणाला भेगा पडल्या आहेत किंवा वायू गोळा करणाऱ्या विहिरी नीट चालत नाहीत. ओलसर, उग्र वास पाण्याच्या बाजूने येत असेल तर कचऱ्यातून झिरपलेलं काळं पाणी, ज्याला लीचेट म्हणतात, कुठेतरी साचलं आहे.

अंड्यासारखा वास न्हाणीघरातच जास्त येत असेल तर डेपोला दोष देण्याआधी नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीच्या जाळीखालचा पाणी साचून राहणारा भाग, बघा. न वापरलेल्या मोरीतल्या ट्रॅपचं पाणी सुकतं आणि गटारातला वायू सरळ घरात येतो. सगळ्या ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी परत वास घेऊन बघा. तक्रार पक्की करायची तर ही खात्री आधी हवी.

हवा शुद्ध करणारं मशीन घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: हेपा फिल्टर धूळ अडवतो, वायू नाही. वासासाठी सक्रिय कोळसा लागतो, तोही भरपूर. नुसता पातळ काळा पडदा लवकर भरून जातो. सुगंधी स्प्रे कृपा करून मारू नका. वास जात नाही, त्यात आणखी एक रसायन मिसळतं, आणि दम्याच्या माणसाला त्याचाच त्रास होतो. डेपोवर अत्तराचे फवारे उडवून काम भागवत असतील तर तेही मान्य करू नका, माती मागा.

आता माश्या. उन्हाळ्यात अंड्यापासून उडती माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, आणि ती दोन-तीन किलोमीटर सहज येते. डेपोवरच्या माश्या तुम्ही संपवू शकत नाही, पण त्यांना तुमच्या आवारात अंडी घालू न देणं तुमच्या हातात आहे. ओला कचरा रोज बाहेर गेला पाहिजे. डबा उचलून खाली बघा, अळ्या बहुतेक वेळा त्याच्या बुडाखालच्या ओलीतच सापडतात. खिडक्यांना जाळी लावा आणि दाराखालची फट ब्रशच्या पट्टीने बंद करा. घरात वायरवर, लोंबत्या दोरीवर, दाराच्या वरच्या कडेला काळे बारीक ठिपके दिसतील. माश्या रात्री तिथे बसतात. चिकट पट्टी तिथेच टांगा. दर आठवड्याला त्याच जागी नवी पट्टी लावून माश्या मोजा आणि वहीत लिहा. आकडा अचानक वाढला की समजा, डेपोवर माती टाकणं थांबलं आहे.

डासांसाठी वेगळं काही नाही: साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा उपसा. आवारात टायर ठेवू नका.

लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी, सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. मोठ्या उंदराला सुमारे १२ मिलिमीटर पुरतं. पाइप भिंतीत शिरतो त्या जागा टॉर्च घेऊन तपासा. फोम भरू नका, तो कुरतडतात. स्टीलची घासणी कोंबून वर सिमेंट लावा. लेंडी चमकदार आणि मऊ असेल तर उंदीर आत्ता फिरतो आहे. वाळून भुगा होत असेल तर ती जुनी आहे. सापळा भिंतीला लागून ठेवा, कारण उंदीर भिंत धरून धावतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बुजतो, म्हणून काही दिवस खटका न लावता नुसतं खाणं ठेवा आणि मग लावा. घरात विष नको. उंदीर भिंतीत मरतो, वास तुम्हालाच येतो, आणि विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही मरू शकतं. लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडा, ५ मिनिटं थांबा आणि मग पुसून घ्या.

तक्रार करताना "फार वास येतो" एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, वारा कुठून, वास कसला, किती वेळ टिकला आणि ० ते ५ मध्ये किती तीव्र, एवढं लिहा. आकडा बाहेरून घरात शिरताना लिहा. आत बसून राहिलं की नाक सरावतं आणि वास कमी वाटतो. दोन-तीन इमारतींच्या वह्या जुळल्या की त्या बाजूला सारणं अवघड जातं. वास येत असतानाच फोन करून पाहणीला बोलवा, दुपारी येऊन कुणाला काही सापडत नाही. आणि मागणी नेमकी ठेवा: रोज मातीचा थर, झाकलेल्या गाड्या, लीचेटचा निचरा. डेपोवर दिवसभर राबणाऱ्या माणसांशी भांडू नका. हाच वास त्यांच्या नाकाशी आहे, आणि माती पडली तर त्यांचाही श्वास मोकळा होईल.

घर अगदी कुंपणाला लागून असेल तर तळघर आणि जमिनीखालचे डक्ट (केबल-पाइपांचे बंद मार्ग) मिथेन मोजणाऱ्या गॅस मीटरने तपासून घ्या. मिथेन मातीतून सरकतो, पावसाने वरची माती चिंब झाली की जास्तच, आणि हवेत ५ ते १५ टक्के झाला तर ठिणगीने स्फोट होतो. नाकाला तो कळत नाही, त्यामुळे मीटरला पर्याय नाही.

डेपोला आग लागली तर हे सगळं बाजूला ठेवा. एन-९५ मास्क धुराचे कण अडवतो, वायू नाही, ओला रुमाल तर काहीच नाही. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि दम्याचे रुग्ण यांना धूर जाईपर्यंत दुसरीकडे हलवा. कुणाकडे जायचं ते आजच ठरवा आणि औषधांची पिशवी भरून दाराजवळ ठेवा.

जुना ढीग उकरून साफ करायचं काम निघालं तर आनंदच आहे, पण सुरुवातीला वास वाढतो आणि तिथले उंदीर आसपासच्या घरांकडे पळतात. खोदाईआधी उंदीर नियंत्रणाचं काम करून घ्या अशी लेखी मागणी द्या, आणि तुमच्या फटी त्याआधी बुजवून घ्या.