अ‍ॅन्सिबलमध्ये व्हेरिएबल बदलूनही सर्व्हरवर जुनीच किंमत जातेय?

अ‍ॅन्सिबल म्हणजे अनेक सर्व्हरची मांडणी आपोआप करणारं साधन. त्याच्या ग्रुप-व्हार्समध्ये (सर्व्हरच्या एका गटासाठीच्या व्हेरिएबलच्या फाइलीत) पोर्ट ८०८० केला, प्लेबुक (करायच्या कामांची फाइल) चालवलं, तरी सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ८०च दिसतो. अशा वेळी सगळ्या फाइली चाळत बसू नका.

१. आधी 'अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी' ही कमांड 'होस्ट' पर्यायासह त्या एका सर्व्हरचं नाव देऊन चालवा. सगळे ग्रुप एकत्र होऊन काय उरलं ते दिसेल. इथेच जुनी किंमत दिसली, तर दुसरा एखादा ग्रुप किंवा होस्ट-व्हार्स (एकाच सर्व्हरसाठीची व्हेरिएबल) वरचढ ठरतंय. एकाच पातळीवरच्या दोन ग्रुपांत वर्णानुक्रमे नंतर येणारा जिंकतो, हे पटकन लक्षात येत नाही.

२. इथे किंमत नवी दिसली, तर रोलमधलं (पुन्हा वापरता येणाऱ्या कामांच्या संचातलं) 'व्हार्स' फोल्डर उघडा. बहुतेकदा चोर तिथेच सापडतो, कारण ते होस्ट-व्हार्सलाही मागे टाकतं. बदलू शकणारी प्रत्येक किंमत रोलच्या 'डीफॉल्ट्स'मध्येच ठेवा. तिचा क्रम सगळ्यात खालचा.

३. मग प्लेबुकला 'चेक' (काहीही न बदलता नुसती चाचणी), 'डिफ' (फाइलीत काय बदलेल ते दाखवणं) आणि 'लिमिट' (ठरावीक सर्व्हरपुरतंच) हे तिन्ही पर्याय लावून एकाच सर्व्हरवर तालीम करा.

सांभाळा: 'डिफ' पासवर्डसुद्धा स्क्रीनवर उघडे दाखवतो. अशा टास्कमध्ये (प्लेबुकमधल्या एकेका कामात) डिफ बंद ठेवा.